बंद कारखान्याची जागा : आधी माती-पाणी, मग ऑफिस

तालुक्याच्या कुठल्याही मोठ्या रस्त्याने निघालात तर अशी एखादी जागा लागतेच. गेटला कुलूप, आत एक वॉचमन, पत्र्याच्या शेडमधून वर आलेला पिंपळ आणि वर्षानुवर्षं धूर न सोडलेली चिमणी. कुठे तो साखर कारखाना असतो, कुठे सूतगिरणी, कुठे एमआयडीसीतली बंद शेड. शंभर-दोनशे एकरांपर्यंतची जागा नुसती पडून असते. आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला नव्या औद्योगिक वसाहतीसाठी बागायती जमिनीची मोजणी चालू असते, शेतकरी हरकतींचे अर्ज घेऊन प्रांत कार्यालयात उभे असतात.

मग साधा प्रश्न पडतो. जुनी जागा पडून असताना नवी जमीन कशाला? जुन्या जागेवरच पुन्हा काम उभं करता येत नाही का?

येतं. जगात बऱ्याच ठिकाणी केलेलं आहे. पण त्याला एक क्रम आहे. आधी माती, पाणी, झाडं आणि रस्ते यांचं काम, इमारत त्यानंतर. जिथे हा क्रम पाळला तिथे पुन्हा माणसं कामाला आली. जिथे उलटा केला तिथे टॉवर उभे राहिले, पण आजूबाजूचा भाग घुसमटला. दोन्हीची उदाहरणं या लेखात आहेत. त्यातलं एक तर आपल्याच घरातलं आहे, मुंबईच्या गिरण्यांचं.

ब्राउनफिल्ड म्हणजे काय?

ज्या जमिनीवर आधी कारखाना, गिरणी, गोदाम किंवा डेपो होता, तो बंद पडला आणि जमिनीत त्याचे अंश राहिलेले असण्याची शक्यता आहे, अशा जागेला नियोजनाच्या भाषेत ‘ब्राउनफिल्ड’ म्हणतात. याच्या उलट, शेत किंवा माळरान जिथे पहिल्यांदाच बांधकाम होणार, ती ‘ग्रीनफिल्ड’.

उद्योजकाला ग्रीनफिल्ड आवडते, कारण ती कोरी असते. ब्राउनफिल्डमध्ये काय पुरलंय, कुणाचं कर्ज आहे, किती देणी थकलीत, हे आधी कळत नाही. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. जुन्या कारखान्यापर्यंत रस्ता आलेला असतो, विजेची लाइन असते, पाण्याची योजना असते, शेजारी वस्ती असते. आणि जुनी एकेक एकर जागा पुन्हा वापरात आली की तेवढी शेतजमीन वाचते. आपल्यासारख्या तालुक्यांच्या दृष्टीने हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे.

जर्मनीचा धडा : आधी बाग, मग काम

या विषयातलं सगळ्यात अभ्यासलेलं उदाहरण जर्मनीतल्या रुर भागाचं आहे. कोळसा आणि पोलाद यांच्यावर उभा राहिलेला हा पट्टा. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून खाणी बंद व्हायला लागल्या, पुढे पोलादाचे कारखानेही बंद पडले. एसेन शहरातली प्रसिद्ध त्सोलफेराइन खाण १९८६ मध्ये थांबली. शेवटची दगडी कोळशाची खाण तर २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली.

या पट्ट्यातून एम्शर नावाची नदी वाहते. नदी म्हणायचं खरं, पण ती उघडी गटार झाली होती. खाणींमुळे जमीन खचत असल्याने जमिनीखाली सांडपाण्याच्या पाइपलाइन टिकत नव्हत्या, म्हणून सगळं सांडपाणी नदीतच सोडलेलं. अशा नदीकाठी, अशा जमिनीवर नवा उद्योग कोण आणणार?

१९८९ मध्ये तिथल्या राज्य सरकारने दहा वर्षांचा एक कार्यक्रम हाती घेतला. साधारण ८०० चौरस किलोमीटरचा भाग आणि १७ शहरं त्यात होती. नेतृत्व कार्ल गान्झर या नियोजनकाराकडे होतं. कार्यक्रमाचा एक भागच असा होता, त्याचं नाव ‘बागेत काम’. म्हणजे ऑफिसच्या कडेने शोभेची झाडं लावायची असं नाही. आधी पडीक जागेची मोठी बाग करायची आणि तिच्यात कामाच्या इमारती बसवायच्या.

गेल्सेनकिर्शन या शहरात हे प्रत्यक्ष दिसतं. एकेकाळी भट्ट्यांच्या ज्वाळांमुळे ‘हजार ज्वाळांचं शहर’ म्हणून ते ओळखलं जायचं. तिथल्या बंद पोलाद कारखान्याच्या जागेवर १९९५ मध्ये ‘विज्ञान पार्क’ सुरू झालं. मधोमध तळं, त्याच्या काठाने सुमारे ३०० मीटर लांबीचा काचेचा मोठा व्हरांडा आणि त्याला जोडून ऑफिसं आणि संशोधन संस्था. उन्हाळ्यात काचेचे खालचे भाग वर उचलता येतात, मग तळ्यावरून गार हवा आत येते. छतावर सौर पॅनेल बसवली. त्या काळात एका इमारतीवरचा एवढा मोठा प्रकल्प दुर्मिळ होता. तळं आणि हिरवळ शहराच्या लोकांनाही खुली आहे, नुसती ऑफिसवाल्यांसाठी नाही.

त्याच कार्यक्रमात ड्युइसबुर्गच्या बंद लोखंड कारखान्याची बाग झाली. हा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला होता. पेटर लात्स या लँडस्केप आर्किटेक्टने तिथल्या भट्ट्या पाडल्याच नाहीत. लोक आज भट्टीवर चढून परिसर बघतात, खनिजाच्या जुन्या कोठारांच्या भिंतींवर गिर्यारोहणाचा सराव करतात आणि गॅसच्या टाकीत पाणी भरून पाणबुडे प्रशिक्षण घेतात. १९९४ मध्ये ही बाग लोकांसाठी उघडली.

आणि एम्शर नदी? १९९२ मध्ये तिच्या दुरुस्तीचं काम सुरू झालं. जमीन खचणं थांबल्यावर सांडपाणी जमिनीखालच्या मोठ्या पाइपलाइनमध्ये वळवलं. २०२१ संपता संपता नदीत सांडपाणी सोडणं बंद झालं. तीस वर्षं आणि पाच अब्ज युरोंहून जास्त खर्च. हा आकडा ऐकून दचकायला होतं, पण त्यातून एक गोष्ट कळते. प्रदूषण करायला जितका काळ लागतो, निस्तरायलाही तितकाच लागू शकतो.

यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जमिनी कंपन्यांच्या ताब्यात होत्या आणि कंपन्या विकायला तयार नव्हत्या किंवा भाव अवाच्या सवा सांगत होत्या. म्हणून सरकारने १९८० च्या सुमारास जमीन निधी उभा केला. पडीक औद्योगिक जागा सरकारने घ्यायची, साफ करायची, रस्ते-पाण्याची सोय करायची आणि मग पुढे द्यायची. हा निधी नसता तर नकाशावरच्या बागा नकाशावरच राहिल्या असत्या.

माती खराब असेल तर?

कारखान्यागणिक घाण वेगळी. कोळशाच्या भट्टीजवळ डांबर आणि बेंझिनसारखी रसायनं मुरतात. रंगाईच्या कारखान्यात रंग आणि जड धातू. आपल्याकडच्या साखर कारखान्यात डिस्टिलरी असेल तर मळीमिश्रित पाण्याची तळी असतात, त्यांचा त्रास शेजारच्या विहिरींना माहीत आहे. शिवाय सगळीकडे सारख्या असणाऱ्या गोष्टी: जमिनीखालच्या डिझेलच्या टाक्या, ट्रान्सफॉर्मरचं जुनं तेल, छतावरचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे.

उपाय ढोबळमानाने तीन.

पहिला, खराब माती खणून काढायची आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रावर न्यायची. जलद होतं, पण महाग. गपचूप दुसऱ्याच्या ओढ्यात टाकली तर तो उपाय नाहीच, नुसती जागा बदलली.

दुसरा, माती तिथेच ठेवून वर चिकणमातीचा किंवा प्लास्टिकच्या जाड कापडाचा थर देऊन झाकायची, जेणेकरून पावसाचं पाणी आत मुरणार नाही. ड्युइसबुर्गमध्ये जास्त विषारी माती कारखान्याच्याच जुन्या कोठारांत बंद करून टाकली.

तिसरा, झाडांकडून काम करून घ्यायचं. काही झाडं-गवतं मुळांवाटे धातू ओढून घेतात, काहींच्या मुळांजवळचे जिवाणू तेलासारखे पदार्थ मोडतात. आपल्याकडच्या वाळ्यावर याबाबत बराच अभ्यास झालेला आहे, कारण त्याची मुळं खोल जातात. पण याला वर्षं लागतात. आणि अशा जागेवरचा चारा जनावरांना घालायचा नाही, फळं खायची नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवायचं.

इथे एक धोक्याची सूचना. हल्ली कुठलंही बांधकाम म्हटलं की शोषखड्डा आणि जलपुनर्भरण आलंच. चांगली गोष्ट आहे, पण खराब मातीच्या जागेवर नाही. तिथे पाणी मुरवलं तर विष थेट भूजलात जाईल आणि खालच्या बाजूच्या विहिरी नासतील. म्हणून अशा जागी छतावरचं स्वच्छ पाणी वेगळं धरून तळं बांधलेल्या चरातून न्यावं लागतं. ड्युइसबुर्गमध्ये पावसाचं पाणी याच पद्धतीने वेगळ्या कालव्यातून नेलं आहे, त्याच्या तळाला चिकणमातीचा थर आहे.

मलबा फेकायचा की वापरायचा?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात नौदलाची मोठी गोदी होती. दुसऱ्या महायुद्धात तिथे सुमारे ४०,००० माणसं कामाला होती. १९९६ मध्ये गोदी बंद पडली. पुढे जागा शहराकडे आली आणि २००६ मध्ये कपड्यांच्या व्यवसायातल्या ‘अर्बन आउटफिटर्स’ कंपनीने आपलं मुख्यालय तिथल्या जुन्या वर्कशॉपमध्ये आणलं.

आवाराचं काम ज्युली बार्गमन यांच्याकडे होतं. मोकळ्या जागेवर सगळीकडे जाड काँक्रीट होतं. नेहमीची पद्धत म्हणजे ते फोडायचं, ट्रकने बाहेर न्यायचं आणि वर हिरवळ अंथरायची. त्यांनी काँक्रीट फोडलं, पण त्याच तुकड्यांची पायवाट आणि अंगण केलं. तुकड्यांच्या मधल्या फटींत पाणी मुरायला आणि झाडं वाढायला जागा ठेवली. जुने रूळ तसेच राहू दिले. वाहतुकीचा खर्च वाचला, डंपिंगचा प्रश्न सुटला आणि जागेची ओळखही शिल्लक राहिली. आज या जुन्या गोदीत वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये मिळून सुमारे १५,००० लोक काम करतात.

बाग म्हणजे फक्त बंद जागेची गोष्ट असंही नाही. डेट्रॉइटजवळ फोर्ड कंपनीचा शंभर वर्षांपूर्वीचा रूज कारखाना आहे, तो आजही चालू आहे. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या ट्रक कारखान्याच्या छतावर दहा एकरांहून जास्त जागेत सेडम या कमी पाण्यावर जगणाऱ्या वनस्पती लावल्या. हेतू शोभेचा नव्हता. छतावरचं पावसाचं पाणी एकदम नदीत धावत होतं, ते अडवायला पाइप आणि टाक्या बांधण्यापेक्षा झाडं आणि चर वापरणं कंपनीला परवडलं.

आपल्या गिरणगावात काय झालं?

आता आपल्या घरातलं उदाहरण. कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, आपल्या गावागावांतून माणसं परळ-लालबागला गेली. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही आणि गिरण्या एकेक करत बंद पडल्या. मागे उरली मुंबईच्या मधोमध ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत या जमिनीसाठी एक सूत्र होतं. ढोबळमानाने तीन वाटे: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक गिरणी मालकाला. म्हणजे शहराला एवढ्या मोठ्या बागा आणि मैदानं मिळण्याची संधी होती. पण २००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटणी फक्त गिरणीतल्या आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेचीच होईल, जिथे शेड उभ्या आहेत त्या जागेची नाही, असं ठरलं. साहजिकच लोकांच्या वाट्याला फार थोडी जमीन आली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला.

पुढे लोअर परळमध्ये ऑफिसं झाली, मॉल झाले. प्रत्येक प्लॉट आपल्या भिंतीच्या आत सजला. आतमध्ये कारंजी, बाहेर मात्र फूटपाथ तोच, नाला तोच, स्टेशनचा पूल तोच. काम करणारी माणसं अनेक पटींनी वाढली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला. त्या पुलाच्या दोन्ही बाजूंना हाच जुना गिरणीपट्टा आहे.

एकाच शहरात एवढी सलग मोकळी जमीन पुन्हा मिळणार नाही. रुरमध्ये वेगवेगळ्या जागांचं काम एकाच कार्यक्रमाखाली झालं. मुंबईत प्रत्येक मालकाने आपापला केला. फरक इतकाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

बाग केली की रोजगार येतो का?

हे स्पष्ट सांगायला हवं: आपोआप येत नाही. गेल्सेनकिर्शनमध्ये एवढं सुंदर विज्ञान पार्क होऊनही ते शहर आज जर्मनीतल्या सगळ्यात जास्त बेरोजगारी असलेल्या शहरांमध्ये मोजलं जातं. भट्टीवर काम करणारा माणूस आणि नव्या ऑफिसात काम करणारा माणूस एकच नसतो. गिरणी कामगाराच्या बाबतीत आपण हे पाहिलंच आहे. त्याच्या जागेवर ऑफिस आलं, त्यात त्याला काम मिळालं नाही. घरांसाठी लाखाहून जास्त अर्ज झाले आणि कित्येक कुटुंबं अजून वाट बघत आहेत.

मग उपयोग काय? उपयोग असा की स्वच्छ जमीन, पाण्याची व्यवस्था आणि सावली असल्याशिवाय दुसरा कुठलाही उद्योग त्या जागेकडे फिरकत नाही. ही कामं पहिली पायरी आहेत. दुसरी पायरी म्हणजे जुन्या कामगारांची देणी आणि त्यांच्या मुलांना लागणारं प्रशिक्षण. पहिली चढून दुसरी सोडली तर बाग होते, पण गाव रिकामंच राहतं.

आपल्या हवेत काय वेगळं?

जर्मनीत ऊन मिळावं म्हणून काचेचा व्हरांडा करतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली उभं राहवत नाही. इथे सावली ही पहिली गरज. सुदैवाने जुन्या कारखान्यांच्या आवारात मोठी झाडं असतात: कडुनिंब, करंज, वड, ऊसगाड्यांच्या थांब्यावरचे रेन ट्री. लिलावात भंगाराबरोबर ही झाडंही तोडून नेली जातात. तीस-चाळीस वर्षांची सावली एका आठवड्यात जाते आणि नवा उद्योजक मग लाख लाख रुपयांचे एसी लावतो. आधी झाडं मोजा, त्यांना नंबर द्या, मग इमारतीची जागा ठरवा.

दुसरं म्हणजे हिरवळीचा सोस. टँकरने पाणी येणाऱ्या तालुक्यात लॉन म्हणजे चैन. आवारातलं पाणी आवारातच धरणारं तळं आणि स्थानिक झाडं पुरेशी आहेत.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम काढले. यानुसार संशयित दूषित जागांचा अहवाल जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी तयार करायचा आहे. त्यानंतर राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. गरज वाटली तर पुढची सविस्तर तपासणी. आणि खर्च ज्याने घाण केली त्याने भरायचा, हे तत्त्व. म्हणजे ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं उत्तर आता कुठल्या टेबलावर ऐकून घ्यायची गरज नाही. बंद कारखान्याबद्दल संशय असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

सभेत विचारायचे प्रश्न

आपल्या तालुक्यातली अशी जागा विकायला, भाड्याने द्यायला किंवा नव्या प्रकल्पाला द्यायला निघाली, तर ग्रामसभेत किंवा कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी एवढं तरी विचारावं:

१. माती आणि आजूबाजूच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी झाली का? अहवाल कुठे बघायला मिळेल?

२. मळीची तळी, डिझेलच्या टाक्या, जुने पत्रे यांची विल्हेवाट कोण लावणार आणि कुणाच्या पैशाने? विक्रीच्या करारात तसं लिहिलंय का?

३. जागा तुकड्या-तुकड्यांनी जाणार की पूर्ण जागेचा एक आराखडा आधी होणार?

४. ओढा, पाणंद रस्ता आणि मोकळी जागा यातलं गावाच्या वापराला काय राहणार?

५. उभी झाडं किती आणि त्यातली किती राहणार?

६. कामगारांची थकलेली देणी विक्रीच्या पैशातून आधी भागवली जाणार का?

हे प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. कारखाना उभा राहिला तेव्हा शेअरचे पैसे आपल्याच आजोबांनी भरले होते आणि जमिनीही आपल्याच भावकीच्या गेल्या होत्या. लिलावाची नोटीस निघाल्यावर विचारून उपयोग होत नाही, ती निघण्याआधी विचारावं लागतं.